कोठार ते चूल : अन्नसाहाय्य आणि स्थानिक सहयोगी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी मुलुखात घरोघर ठाऊक आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली आणि बीदरच्या बादशहाच्या या अंमलदाराने सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले. पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन धान्याची किंमत भरली आणि आपल्या भक्ताची सुटका केली, असे ही कथा सांगते. तिचा भक्तिभाव आपल्या जागी आहे. परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही कथा ऐकताना मधलाच एक प्रश्न पडतो. कोठाराचे दार उघडले, तेथपासून ते धान्य कुणाच्या तरी चुलीवर शिजेपर्यंत मध्ये काय घडले? पोती कोणी मोजली? कोणाला किती द्यायचे हे कोणी ठरवले? चार कोसांवरच्या वाडीत जी म्हातारी उठून येऊ शकत नव्हती, तिच्यापर्यंत तिचा वाटा कोणी नेला?

कथेने याची उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा नाही. मात्र भूकनिवारणाचे काम करणाऱ्या आजच्या संस्थांचा सारा कारभार याच मधल्या वाटेवर चालतो. ही वाट कशी असते, तिच्यावर कोण कोण उभे असते आणि धान्य नेमके कोठे अडते, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन हातांचे काम

अन्नसाहाय्याच्या कामात बहुधा दोन पक्ष असतात. पहिला पक्ष मोठ्या संस्थेचा. तिच्याजवळ पैसा असतो, घाऊक खरेदी करण्याची ताकद असते, गोदामे, मालमोटारी आणि हिशेबनीस असतात. दुसरा पक्ष स्थानिक सहयोगी संस्थेचा. महिला मंडळ, बचत गट, तरुण मंडळ, मठ, मशीद, गुरुद्वारा, चर्च, शाळा, कामगार संघटना अशी तिची अनेक रूपे असतात. तिच्याजवळ पैसा नसतो, पण माणसांची माहिती असते. कोणत्या घरात कमावते माणूस अंथरुणाला खिळले आहे, कोणत्या घराला शिधापत्रिका नाही, कोण तीन दिवस उपाशी असूनही हात पसरणार नाही, हे तिला ठाऊक असते.

ही रचना केवळ सोयीसाठी केलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचा जागतिक अन्न कार्यक्रम १९६१ मध्ये स्थापन झाला आणि २०२० चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. जगातील सर्वांत मोठी अन्नसाहाय्य संस्था म्हणून त्याची गणना होते. तरीही प्रत्यक्ष वाटपासाठी त्याला सुमारे हजारभर स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य घ्यावे लागते. धान्य जहाजाने आणता येते, विमानातून टाकता येते. पण ते कोणाच्या हातात द्यायचे ही माहिती जहाजातून येत नाही.

आपल्याकडील जुनी उदाहरणे

ही विभागणी आपल्या प्रांताला नवी नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या माणसांकडून दुष्काळाची हकिगत मागवली आणि ती सरकारपुढे मांडली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा दर दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतका खाली आणला होता. एवढ्यावर माणूस काम करून जगू शकत नाही, ही गोष्ट सरकारी कागदात दिसत नव्हती. गावोगावच्या माणसांना ती डोळ्यांसमोर दिसत होती. त्याच काळात, १८७७ साली, महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजातील त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाईंनी त्याच वर्षी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याचे वर्णन आहे. समाजाची स्थापना १८७३ ची. म्हणजे चारच वर्षांपूर्वी उभी राहिलेली, गावोगाव माणसे असलेली ही संघटना दुष्काळ येताच मदतीची यंत्रणा बनली. स्थानिक सहयोगी संस्थेचे हे आपल्या इतिहासातील एक ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण १९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळाचे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात अजूनही ‘सुकडी’ आणि ‘मिलो’ हे दोन शब्द येतात. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवरील मजुरांना वाटलेले पौष्टिक कोरडे मिश्रण आणि मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांवर गेली होती. मुख्य भार शासनाच्या कामांचा आणि त्यावर मिळणाऱ्या मजुरीचा होता. परदेशी आणि देशी संस्थांची मदत त्याला पूरक होती. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या अनुभवातून पुढे महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मदत म्हणून सुरू झालेली गोष्ट हक्क म्हणून कायद्यात गेली.

तिसरे उदाहरण ‘केअर’ या संस्थेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील उपाशी कुटुंबांना अन्नाच्या पेट्या पाठवण्यासाठी १९४५ मध्ये अमेरिकेतील २२ संस्थांनी मिळून ती काढली. १९५० मध्ये तिचा भारत सरकारशी करार झाला. पुढील अनेक वर्षे मध्य प्रदेशासह निरनिराळ्या राज्यांत शाळांतील आणि अंगणवाड्यांतील मुलांसाठी तिने आणलेले अन्न पोचत असे. येथे तिची सहयोगी होती राज्य शासनाची यंत्रणा, आणि त्या यंत्रणेच्या टोकाला असलेली अंगणवाडी सेविका. माल अमेरिकेतील असो वा पंजाबातील, शेवटची ओंजळ त्या गावच्या बाईच्याच हातून पडत होती.

बिट्टन मार्केट : एक अभ्यास

आता ही साखळी जवळून पाहू. त्यासाठी मी भोपाळच्या बिट्टन मार्केटचे उदाहरण घेतो, कारण ते मी स्वतः पाहिले आहे. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागली तेव्हा मी तेथे बहिणीकडे होतो आणि पुढचे काही आठवडे तेथेच राहावे लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा जी अनेक मराठी नोकरदार कुटुंबे भोपाळला गेली त्यांपैकी बहिणीचे सासर एक.

बिट्टन मार्केट हे नव्या भोपाळातील अरेरा कॉलनीच्या भागात आहे. तेथला भाजीचा हाट प्रसिद्ध आहे आणि शेजारी दसरा मैदान आहे. एकीकडे अधिकाऱ्यांचे आणि सुखवस्तू लोकांचे बंगले आणि दुसरीकडे त्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या, हाटात पाटी घेऊन बसणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या, रंगकाम व गवंडीकाम करणाऱ्या लोकांच्या वस्त्या, अशी आपल्या कोणत्याही शहरात दिसते तशीच येथलीही रचना. टाळेबंदीने हाट बंद झाला आणि एका दिवसात या सगळ्यांची मिळकत थांबली. त्या वर्षी देशात धान्याची टंचाई नव्हती. सरकारी गोदामे भरलेली होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात मांडलेला सिद्धांत वर्गात शिकवताना तो मुलांना अवघड वाटतो. बाजारात धान्य असूनही ते मिळवण्याचे साधन हातातून गेले की माणूस उपाशी राहतो, हा तो सिद्धांत. बिट्टन मार्केटच्या बंद हाटासमोर तो समजायला पाच मिनिटेही लागली नसती.

वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग चालवणारे एक छोटे मंडळ होते. एका मोठ्या संस्थेने त्याला शिधा पुरवण्याचे ठरवले. बहिणीच्या यजमानांची त्या मंडळाशी ओळख होती, म्हणून हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. या कामात मला साखळीच्या पायऱ्या दिसल्या त्या अशा.

पहिली पायरी गरजेच्या अंदाजाची. किती कुटुंबे, त्यांत माणसे किती, लहान मुले व गरोदर स्त्रिया किती, घरात इंधन आहे की नाही. दुसरी पायरी कराराची. कोण काय पुरवणार, कोण कशाचा हिशेब देणार हे लेखी ठरते. तिसरी खरेदीची. मालाचा दर्जा, वजन, भाव यांची नोंद होते. चौथी साठवणुकीची. आवक-जावक वही ठेवायची, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचायची, रिकामे बारदानही मोजायचे. पाचवी यादीची. सहावी वाटपाची. वेळ, जागा, रांग, सही किंवा अंगठा या गोष्टी तीत येतात. सातवी तपासणीची. वाटपानंतर काही घरी जाऊन, मिळाले का, किती मिळाले, पुरले का, असे विचारायचे. आठवी तक्रारीची. ज्याला मिळाले नाही त्याने कोणाकडे जायचे हे आधीच सांगून ठेवायचे.

या आठ पायऱ्यांपैकी तिसरी आणि चौथी मोठ्या संस्थेला उत्तम जमते. पहिली, पाचवी आणि सहावी स्थानिक सहयोगीशिवाय अशक्य. सातवी आणि आठवी दोघांनाही नकोशी वाटते, आणि म्हणूनच त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्याची कारणे पुढे येतील.

शिध्याचे गणित

तत्पूर्वी थोडे गणित करू. समजा, एका पिशवीत ५ किलो आटा, १ किलो तूरडाळ, अर्धा लिटर तेल, मीठ आणि मसाला आहे. देणाऱ्याला ही पिशवी चांगली भरघोस वाटते. पाच माणसांच्या कुटुंबाला ती किती दिवस पुरेल?

आणीबाणीच्या प्रसंगी नियोजनासाठी दरमाणशी दररोज सरासरी २,१०० किलोकॅलरी हे प्रमाण जगभर धरले जाते. पाच माणसांना दिवसाला १०,५०० लागतील. १०० ग्रॅम आट्यापासून सुमारे ३४० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ५ किलोपासून १७,०००. डाळीपासून सुमारे ३,४००. अर्ध्या लिटर तेलाचे वजन सुमारे ४६० ग्रॅम. ग्रॅमला ९ प्रमाणे सुमारे ४,१००. एकूण २४,५००. याला १०,५०० ने भागले तर उत्तर येते सव्वादोन दिवसांहून थोडे अधिक.

म्हणजे आठवड्यातून एकदा ही पिशवी दिली तर त्या कुटुंबाने उरलेले जवळजवळ पाच दिवस काय करायचे? आठवडाभर पुरवायचे असेल तर बरोबर तिप्पट द्यावे लागेल : १५ किलो आटा, ३ किलो डाळ, दीड लिटर तेल. शंभर कुटुंबांना याच हिशेबाने १५ क्विंटल आटा, ३ क्विंटल डाळ आणि १५० लिटर तेल लागेल. आणि एकेका कुटुंबाचा शिधा वीस किलोंच्या घरात गेला की नवा प्रश्न उभा राहतो : एकटी राहणारी सत्तरीची बाई तो वाटपाच्या जागेपासून घरी कशी नेणार?

पैसा तेवढाच असेल तर सहयोगी संस्थेपुढे कठीण निवड येते. तीनशे कुटुंबांना दोन-दोन दिवसांचे द्यायचे, की शंभर कुटुंबांना आठवडाभराचे? पहिल्या मार्गाने यादी लांब दिसते आणि अहवालात आकडा मोठा येतो. दुसऱ्या मार्गाने शंभर चुली खरोखर पेटत्या राहतात, पण दोनशे घरांना नाही म्हणावे लागते. हे नाही म्हणण्याचे काम मोठ्या संस्थेच्या कचेरीत होत नाही. ते वस्तीतल्या माणसाला, ज्यांच्याशी त्याला उद्याही बोलायचे आहे त्या शेजाऱ्यांच्या तोंडावर, करावे लागते.

काय द्यायचे याचे ज्ञानही स्थानिकच असते. भोपाळकडे गव्हाची पोळी आणि सोयाबीनचे तेल सर्वसाधारण घरात चालते. आपल्या भागात ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला मिलोची भाकरी गोड लागली नव्हती, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. ज्या घरात गॅस संपला आहे आणि जळणही नाही, तेथे आट्याची पिशवी काय कामाची? त्याला शिजवलेले जेवणच हवे. उत्तर कर्नाटकात पुराच्या वेळी शासन जी गंजी केंद्रे उघडते, त्यांमागचा विचार हाच आहे.

येथे विद्यार्थी विचारतील की धान्याऐवजी पैसाच का देऊ नये? प्रश्न योग्य आहे. जेथे बाजार चालू आहे आणि माल मिळतो आहे तेथे रोख रक्कम देणे अनेकदा अधिक चांगले. वाहतुकीचा खर्च वाचतो आणि कुटुंबाला आपल्या गरजेप्रमाणे घेता येते. परंतु बाजारच बंद असेल, किंवा माल थोडा आणि भाव चढते असतील, तर पैसा हातात असूनही पोट भरत नाही. कोणत्या आठवड्यात कोणती परिस्थिती आहे, हेही जवळचा माणूसच आधी सांगू शकतो.

जवळच्या नजरेला न दिसणारे

येथवर स्थानिक सहयोगीचे गुण सांगितले. आता दुसरी बाजू. जो जवळ आहे त्याला जवळचे दिसते, आणि त्याच कारणाने काही गोष्टी त्याला दिसत नाहीत.

बिट्टन मार्केटच्या त्या मंडळाने पहिली यादी अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलांच्या घरांवरून केली. ही यादी अगदी प्रामाणिक होती. तरी तिच्यात ज्या घरांत मुले नाहीत ती घरे नव्हती. एकटे म्हातारे नव्हते. खोली भाड्याने घेऊन चार-चारजण राहणारे परगावचे मजूर नव्हते. बांधकामावरच पत्र्याच्या आडोशाला राहणारी कुटुंबे तर कोणाच्याच ओळखीची नव्हती. नंतर दुसरी यादी आशा कार्यकर्तीच्या मदतीने आणि तिसरी हाटातल्या भाजीवाल्यांकडून करून घेतली. तिन्ही समोरासमोर ठेवल्या तेव्हा प्रत्येकीत अशी नावे निघाली जी बाकीच्या दोहोंत नव्हती. भाजीवाल्यांना हमाल ठाऊक होते, आशाताईंना बाळंतिणी आणि क्षयाचे रुग्ण ठाऊक होते, मंडळाला शाळकरी मुले ठाऊक होती. वस्तीचे संपूर्ण चित्र कोणा एकाजवळ नव्हते.

हे झाले प्रामाणिक माणसाच्या नजरेबद्दल. प्रत्येक ठिकाणी तसेच असेल असे नाही. वाटप ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या काळापुरती सत्ता येते. आपल्या आळीला आधी, आपल्या जातीला आधी, आपल्या पक्षाला आधी, असे होऊ शकते. ज्याच्याशी भांडण आहे त्याचे नाव गळते. वाटपाची जागा देवळाच्या पारावर ठेवली तर जे पूर्वीपासून पाराच्या बाहेर राहिले ते आजही बाहेरच राहतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव, कोल्हापूर, सांगली या आपल्या जिल्ह्यांत मदतीचा ओघ मोठा होता. अशा वेळी हमरस्त्यालगतच्या गावी गाडीवर गाडी उभी राहते आणि आत पाच किलोमीटरवरची वस्ती वाट पाहते. गाडीवाल्याचा यात दोष नसतो. त्याला आतली वस्ती सांगणारे कोणी भेटलेले नसते, एवढेच.

म्हणून माझे मत असे झाले आहे की अन्नसाहाय्याचे खरे शास्त्र एका वाक्यात सांगता येते. जवळच्या माणसावर भिस्त ठेवावी आणि त्याचे काम उघड्यावर ठेवावे. यादी भिंतीवर लावावी, म्हणजे गाळलेले नाव कोणीही दाखवू शकेल. एका सहयोगीऐवजी शक्यतो दोघे-तिघे असावेत आणि त्यांच्या यादींचा मेळ घालावा. वजन लोकांसमोर करावे. वाटप करणारा आणि तपासणी करणारा एकच नसावा. तक्रार घेणारी व्यक्ती वस्तीबाहेरची असावी, पण तिला गाठणे सोपे असावे. सातव्या आणि आठव्या पायरीचे महत्त्व मी वर सांगितले ते याचसाठी. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. चांगल्या सहयोगीला या उघडेपणाचे संरक्षणच मिळते. कोणी उद्या बोट दाखवले तर त्याच्याजवळ वही असते.

पैशाची वाट आणि तिच्यावरील अडसर

स्थानिक संस्थांविषयी गौरवाने बोलले पुष्कळ जाते, परंतु पैसा त्यांच्यापर्यंत किती पोचतो? २०१६ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत मोठे देणगीदार देश आणि संस्था यांनी एक करार केला. मदतीच्या पैशापैकी किमान २५ टक्के भाग २०२० पर्यंत शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे जावा असे ठरले. २०२० उजाडले तरी ते उद्दिष्ट फार दूर राहिले. जोखीम स्थानिक माणसाची आणि खर्चाचा अधिकार दूरच्या कचेरीचा, हा जुना शिरस्ता सहज सुटत नाही.

आपल्या देशात यात आणखी एक बदल झाला आहे. परदेशी देणगीचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ चा. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहू नये आणि त्याचा माग राहावा, हे या दुरुस्तीमागचे सरकारी कारण. टीकाकारांचे म्हणणे असे की ज्या छोट्या संस्थांना स्वतः परवाना मिळवणे व सांभाळणे झेपत नाही, त्या मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करत होत्या, आणि तो आधारच गेला. अभ्यासकाने दोन्ही बाजू तपासाव्यात. मात्र एवढे निश्चित, की मोठी संस्था पैसा आणणार आणि छोटी संस्था तो वस्तीत खर्च करणार, ही रचना परदेशी पैशाच्या बाबतीत आता पूर्वीसारखी चालत नाही. देशातील देणगीदारांनी, आपल्यासारख्यांनी, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दानाकडून हक्काकडे

अन्नसाहाय्य कितीही चोख झाले तरी ते तात्पुरतेच. त्याने पुढे कोठे जावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने काही अंशी दिले आहे. एप्रिल २००१ मध्ये राजस्थानातील पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने, गोदामात धान्य असताना माणसे उपाशी का, असा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळांत शिजवलेले माध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याने धान्याचा हक्क दिला : दरमाणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. आपल्या कर्नाटकात २०१३ मध्येच ‘अन्नभाग्य’ योजनाही सुरू झाली.

हा मोठा पल्ला आहे. तरी वरचे गणित येथेही करून पाहावे. महिना ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, सुमारे ५७० किलोकॅलरी. गरजेच्या चौथाईहून थोडे अधिक. शिवाय नुसत्या तांदूळ-गव्हाने बालकाचे पोषण होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३३ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी होते आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ३६ टक्के होते. मध्य प्रदेशात २०१५-१६ मध्ये ते जवळजवळ ४३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण तीनांतले एक मूल हा आकडा समाधान मानण्याजोगा नाही.

आणि मुख्य प्रश्न पुन्हा यादीचाच. या कायद्यातील लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली. त्यानंतर जन्मलेले, गाव सोडून शहरात आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे यांतले कित्येक शिधापत्रिकेबाहेर राहिले. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांसाठी कोरडा शिधा आणि सामूहिक स्वयंपाकघरे यांविषयी राज्यांना आदेश दिले, ते याच लोकांसाठी. बिट्टन मार्केटच्या तिन्ही यादींचा मेळ घालताना जी नावे सर्वांत शेवटी निघाली, त्यांतल्या बहुतेकांजवळ शिधापत्रिका नव्हती, किंवा होती ती दूरच्या गावची होती. त्या मंडळाच्या चालक बाईंनी, ज्यांना वस्तीत सारे दीदी म्हणत, वाटपाच्या वहीतच एक जादा रकाना आखून घेतला : शिधापत्रिका आहे की नाही. शिधा देणे थांबल्यावरही तो रकाना भरण्याचे आणि अर्ज करून घेण्याचे काम त्यांनी सोडले नाही. मला त्या सर्व कामातील ही सर्वांत मोलाची नोंद वाटते. मोठ्या संस्थेच्या अहवालाच्या नमुन्यात या रकान्याला जागा नव्हती.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे, दरवर्षी शिबिर होते, आणि पूर किंवा दुष्काळ आला की आपण धान्य, कपडे गोळा करतो. ते करावेच. पण त्याआधी, संकट नसताना, करण्यासारखे एक काम आहे. दत्तक घेतलेल्या गावात कोणत्या घरांना शिधापत्रिका नाही, कोणती वस्ती हमरस्त्यापासून दूर आहे, पुराचे पाणी चढले तर कोण स्वतः चालून येऊ शकणार नाही, याची वही मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतून तयार ठेवता येईल. ती अंगणवाडी सेविका, आशाताई, रास्त भाव दुकानदार, देवळाचा पुजारी, मशिदीचे मौलवी, मठाचे स्वामी या सर्वांकडून वेगवेगळी विचारून घ्यावी आणि मग समोरासमोर ठेवून तपासावी. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे जमण्यासारखे आहे. मोठ्या संस्थेची गाडी उद्या गावच्या वेशीवर आली तर चालकाच्या हातात देण्यासाठी यापेक्षा उपयोगी कागद दुसरा नसेल.

ही वही संकट येईपर्यंत कपाटात पडू देऊ नये. तिच्यातले प्रत्येक नाव तहसील कचेरीतल्या यादीत चढेपर्यंत आपले काम चालू आहे असे समजावे. दामाजीपंतांना कोठार उघडण्यासाठी जीव पणाला लावावा लागला. आपल्या काळात कोठार कायद्याने उघडे आहे. त्याच्या दारापासून चुलीपर्यंतची वाट चालणारी माणसे तेवढी हवी आहेत.